‘दे इकडे, मी करतो’

प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. आई-वडील दोघंच नाशिकला, सिडकोत राहतात. वडील 71 वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रश्न विचारणारे लिहितात, “बाबांना दर सुट्टीत फोन शिकवतो आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ते सगळं विसरलेले असतात. मागच्या महिन्यात ‘केवायसी करा, नाहीतर पेन्शन बंद होईल’ असा फोन आला. आईनं हातातून फोन काढून घेतला म्हणून वाचलो. आता त्यांना साधा बटणांचा फोन देऊन टाकावा का? आणि एकूणच, रोज बदलणाऱ्या या तंत्रज्ञानाला आपला समाज कधी पुरा पडेल असं तुम्हाला वाटतं का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. साधा फोन देऊ नका. ओटीपी बटणांच्या फोनवरही येतो आणि फसवणारा माणूस त्या फोनवरही बोलू शकतो. म्हणजे धोका तसाच राहील आणि नातवंडाचा चेहरा तेवढा हातातून जाईल. त्याहून वाईट म्हणजे घरच्यांनी आपल्याला नापास केलं, हे त्यांना कळेल. एकदा ते मनात बसलं की पुढच्या वेळी तसा फोन आल्यावर ते तुम्हाला सांगणारच नाहीत.

मी पेठ रोडला सेवा केंद्र चालवते. 1998 साली टंकलेखन संस्थेत शिकवायला लागले. 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तो वर्ग घ्यायला लागले, मधली काही वर्षं सायबर कॅफे होता, आणि आता दाखले, सातबारा, योजनांचे अर्ज, केवायसी. समोरच्या खुर्चीत माणसं तीच येतात, किंवा त्यांची मुलं. त्यामुळे पुढे लिहिते आहे ते खुर्चीच्या या बाजूनं पाहिलेलं आहे.

बाबा विसरतात, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर प्रेसमध्ये काम केलं, जिथं प्रत्येक कागद मोजून आत जातो आणि मोजून बाहेर येतो, तो माणूस चार बटणं लक्षात ठेवू शकत नाही असं कसं होईल? त्यांनी शिकलेली वस्तूच तुमच्या पुढच्या सुट्टीपर्यंत बदललेली असते. ॲप अपडेट होतं, बॅलन्स पाहायचं बटण खालून वर जातं, हिरवं होतं ते जांभळं होतं, मध्येच कर्जाची जाहिरात येऊन बसते. तुम्ही रोज पाहता म्हणून ते बदल डोळ्यांत भरत नाहीत. आठवड्यातून एकदा फोन उघडणाऱ्याला मात्र कुणीतरी रात्रीतून घरातलं स्वयंपाकघर हलवल्यासारखं वाटतं.

मी ज्या कळफलकावर मराठी टंकलेखन शिकले, त्याच कळफलकावर माझे सर वीस वर्षं आधी शिकले होते. एकदा बोटांत बसलं की ते जन्माचं झालं. त्या काळी शिकणं म्हणजे हेच असायचं: सुरुवातीला त्रास आणि मग आयुष्यभराची कमाई. आमच्या पिढीनं सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन सगळं याच हिशेबानं शिकलं. पुढे संगणकावर मराठी लिहायला श्रीलिपी हे सॉफ्टवेअर आलं, मग सगळ्या संगणकांवर सारखंच दिसणारं युनिकोड आलं, आणि श्रीलिपीत जपून ठेवलेले माझे सगळे नमुने नव्या संगणकावर उघडले की नुसती चौकोनं नि चिन्हं दिसायला लागली. इनस्क्रिप्ट या नव्या कळफलकासाठी बोटं पुन्हा वळवावी लागली. इतरांना शिकवणारी मी, त्या दोन महिन्यांत रोज घरी जाऊन रडवेली व्हायचे. म्हणून समोरचा माणूस “मॅडम, मला नाही जमणार” म्हणतो तेव्हा मला ते नेमकं कुठून येतंय ते कळतं.

आता तुमच्या शिकवण्याबद्दल. तुम्ही बाबांना फोन कसा शिकवता ते मी पाहिलेलं नाही, पण केंद्रात बाप-लेक रोज पाहते. वडील फोन हातात धरतात, एक बोट हवेत थांबतं, दोन सेकंद जातात. लगेच मुलगा म्हणतो, “दे इकडे, मी करतो.” अंगठा तीनदा फिरतो, काम होतं, फोन परत हातात. “बघितलंत ना कसं केलं?” वडील मान हलवतात. त्यांनी काहीच बघितलेलं नसतं, कारण मधल्या तीन पायऱ्या अर्ध्या सेकंदात निघून गेल्या.

बोट हवेत का थांबतं, ते एकदा जवळून पाहा. सत्तरीच्या एक आजी दिंडोरीकडून येतात. त्यांच्या फोनवरची चित्रं सारखी गायब व्हायची. “कुणीतरी हॅक केलंय,” असं नातवानं सांगितलं होतं. मी फोन त्यांच्याच हातात ठेवला आणि म्हटलं, आजी, मुलीला फोन लावा बरं. त्यांनी बोट जोरात रोवलं आणि तसंच दाबून धरलं. जन्मभर त्यांनी दाराची बेल, मिक्सर, रेडिओ, बटणांचा फोन, सगळं दाबलंच होतं, आणि आम्हीही “इथं दाबा” असंच सांगत होतो. जास्त वेळ दाबलं की फोनला वाटतं, हे चित्र हलवायचंय. ते सुटं होतं, बोटाबरोबर सरकतं आणि कोपऱ्यात जाऊन पुसलं जातं. मी म्हटलं, आजी, दाबू नका. कुंकू लावताना बोट कसं टेकवता? तसं टेकवा नि उचला. त्यांनी टेकवलं. रिंग गेली. त्या दिवसापासून मी “दाबा” हा शब्द केंद्रात सोडून दिला. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे बोटं इतकी कोरडी पडतात की पडद्याला स्पर्शच कळत नाही, मग माणूस आणखी जोरात दाबतो आणि घोटाळा आणखी वाढतो. बोटाला थोडा ओलावा लागला तरी काम होतं. शिकवायला बसलेल्या मुलाला हे दिसत नाही, कारण त्यानं तोवर फोन स्वतःच्या हातात घेतलेला असतो.

या “दे इकडे”बद्दल बोलताना मला माझंही सांगायला हवं. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक लांब वही होती. तिच्यात लोकांची नावं, युजर आयडी आणि पासवर्ड. लोकच म्हणायचे, “ताई, तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडून हरवेल.” ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता किंवा नंबर बंद पडलेला होता, त्यांच्या अर्जावर मी माझा नंबर टाकायचे. गर्दी असायची, वेळ वाचायचा, आणि मला वाटायचं मी मदत करतेय. एके दिवशी पेठ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा हप्ता अडकला. चौकशी केली तर त्याच्या खात्याचा ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर जात होता आणि तो नंबर मी बदललेला होता. तो माणूस दोन बस बदलून आला होता. त्याचंच नाव, त्याचेच पैसे, आणि किल्ली माझ्या खिशात, तीही हरवलेली. त्याला राग आला नाही, तो नुसता बसून राहिला. मला ते अजून टोचतं. पुढचे काही महिने मी एकेकाला बोलावून पासवर्ड बदलून दिले, नंबर त्यांचे त्यांना टाकायला लावले आणि ती वही फाडून जाळली. आता केंद्रात पासवर्ड माणसानं स्वतः टाकायचा. वीस मिनिटं लागली तरी चालतील. रांगेतले लोक कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण घरात मुलगा जे करतो तेच वर सगळीकडे चाललंय. केंद्रचालक म्हणतो दे इकडे, एजंट म्हणतो दे इकडे, आणि शेवटी फोनवरचा भामटाही हेच म्हणतो, “काका, तुम्ही काही करू नका, मी सांगतो तेवढं ॲप घ्या, बाकी मी करतो.” आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या हातात देण्याची सवय आपणच लावलेली असते. तो फक्त तिचा फायदा घेतो.

आता फसवणुकीपासून बाबांना कसं राखायचं ते. इथं शिकवणीपेक्षा व्यवस्था जास्त कामाला येते, म्हणून आधी व्यवस्था. पेन्शन ज्या खात्यात येते त्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं छोटं खातं काढा, त्यात महिन्याला दोन-तीन हजार राहू द्या, आणि यूपीआय फक्त त्याला. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण 1 लाख असते. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये ती कमी करायची सोय असेल तर तीही करून घ्या. मग चूक झालीच तर ती भाजीच्या पैशांची होईल, आयुष्याच्या कमाईची होणार नाही. माणूस चुकणार हे धरून चालणारी व्यवस्था म्हणजे चांगली व्यवस्था.

मग त्यांना फक्त तीन गोष्टी पक्क्या करा. तीनच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. व्हॉट्सॲपवर आलेली, शेवटी एपीके लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल उघडायची नाही, मग ती लग्नाची पत्रिका म्हणून येवो, आरटीओचं चलन म्हणून की पीएम किसानची यादी म्हणून. आणि फोनवर जो घाई करतो त्याचा फोन ठेवायचा, तो पोलिसांच्या वेषात व्हिडिओ कॉलवर दिसला तरी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा, असं. तरी अजून शिकली-सवरलेली माणसं दोन-दोन दिवस घरात कॅमेऱ्यासमोर बसून राहतात. याला अडाणीपणा म्हणू नका. आपली पिढी सरकारी आवाजाला घाबरायला शिकलेली आहे. प्रामाणिक माणूस जास्त घाबरतो, कारण आपल्याकडून खरंच काही राहून गेलं असेल, असं त्याला वाटतं.

पेन्शनचाच फोन बाबांना आला, तोही उगाच नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो हे भामट्यांना ठाऊक असतं. आधारवर चालणारा ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला 2014 मध्ये आला, 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्यांना हे नको त्यांना बँकेत जाऊन कागदावर सही करता येते, पोस्टमनला घरी बोलावूनही दाखला देता येतो. बाबांना हे चारही रस्ते माहीत असले की “आजच्या आज केलं नाहीत तर बंद” या वाक्यातली ताकद निघून जाते. भीती घालणाऱ्याचा सगळा धंदा एकच रस्ता उरलाय असं भासवण्यावर चालतो.

पैसे गेलेच तर 1930 ला फोन. पहिल्या तासाभरात. सकाळी बघू, मुलाला विचारू, लोक काय म्हणतील, यात जो वेळ जातो त्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. लवकर कळवलं तर मधल्या खात्यात ते गोठवता येतात. त्याचबरोबर बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक फार थोड्यांना माहीत असतं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेची जबाबदारी. म्हणून “आता काय उपयोग” म्हणून गप्प बसू नका. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पैसे गेले तेव्हा त्यांनी अकरा दिवस घरातही सांगितलं नव्हतं. पैशांपेक्षा “सून काय म्हणेल” हे जड झालं होतं. बाबांना आजच सांगून ठेवा, काहीही झालं तरी आम्ही रागावणार नाही. हे एक वाक्य कुठल्याही ॲपपेक्षा जास्त पैसे वाचवेल.

आता तुमचा मोठा प्रश्न. समाज पुरा पडेल का?

मी एकदा समाजाला पुरा पडताना पाहिलेलं आहे, म्हणून हो म्हणते. एमएस-सीआयटीची पहिली काही वर्षं आठवा. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक येणं गरजेचं झालं आणि आमच्या वर्गात पन्नाशीला टेकलेले लिपिक येऊन बसायला लागले. एक हेडक्लार्क होते, अक्षर मोत्यासारखं, अख्खं कार्यालय त्यांच्या टिपणीला मान द्यायचं. ते माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला न्यायचे आणि बाण पडद्याच्या मध्यावरच अडकलेला. पुढे जागा नाही, म्हणून ते हात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहायचे. माऊस उचलून परत अलीकडे ठेवायचा असतो, ही गोष्ट सांगण्याइतकी मोठी आहे हे मला तोवर वाटलंच नव्हतं. शेजारचे दुसरे लिपिक म्हणाले, “साहेब, माझंही असंच झालं होतं.” दोघे हसले आणि पुढच्या आठवड्यात हेडक्लार्क साहेब तिसऱ्याला शिकवत होते. ते शिकले याचं कारण माझी हुशारी नव्हे. अभ्यासक्रम ठरलेला होता, तास ठरलेला होता, समोर माणूस होता, आणि चुकणारे सगळे एका वयाचे, एका पगाराचे होते. मुलासमोर चुकायला लाज वाटते. मित्रासमोर वाटत नाही.

यूपीआयच्या वेळी असा वर्ग कुणी घेतला? 2016 च्या एप्रिलमध्ये ते जाहीर झालं, 8 नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या, डिसेंबरअखेर भीम ॲप आलं. 1928 पासून ज्या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात, त्या गावातल्या भाजीवालीला आज दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी “स्कॅनर कुठंय?” असं विचारतात. तिनं पाटी लावली, तीही शेजारणीला बघून. पैसे आल्याचा आवाज करणारा डबा ठेवला, कारण ग्राहक नुसता हिरवा पडदा दाखवून निघून जातो हे तिला एका दिवसात कळलं. ती कुठल्याही वर्गाशिवाय शिकली. पण पैसे अडकले तर कुणाकडे जायचं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. वापरायला सगळे शिकवतात. अडल्यावरचं कुणी शिकवत नाही. माझ्या मते आपला समाज मागे आहे तो नेमका इथे.

कायदाही असाच मागून येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 सालचा. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला 2023 मध्ये. म्हणजे आधी आपण तेरा वर्षं झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या प्रती मोजून देत राहिलो आणि मग त्या प्रतींचं काय व्हावं याचा कायदा झाला.

पण जिथं नियम करणाऱ्यांनी मनावर घेतलं तिथं फरक पडलेला मी पाहिला आहे. “तुम्हाला पैसे पाठवतोय, स्वीकारायला पिन टाका” ही जुनी फसवणूक यूपीआयवरून पैसे मागण्याच्या सोयीवर चालायची. आम्ही वर्षानुवर्षं लोकांना ती समजावून सांगत होतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे असे पैसे मागण्याची सोयच बंद झाली. कोट्यवधी आजी-आजोबांना शिकवत बसण्यापेक्षा एक दार बंद करणं सोपं होतं. हे आधीच का केलं नाही, असं विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. प्रत्येक वेळी “नागरिकांनी जागरूक राहावं” म्हणून सगळा भार बाबांच्या खांद्यावर टाकायचा, हे मला मान्य नाही.

दुसरा रस्ता ठेवणं हीसुद्धा अशीच गोष्ट. लसीकरण आठवतं ना? 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्यांना सुरुवातीला कोविनवर आधी नोंद केल्याशिवाय लस नव्हती. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंज नाही, आणि शहरातली पोरं पहाटे उठून तिथले स्लॉट घेऊन टाकायची. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर प्रश्न विचारले, आणि जूनपर्यंत आधी नोंदणीची अट उरली नाही, थेट केंद्रावर जाऊन लस मिळायला लागली. ई-पीक पाहणीचं, म्हणजे शेतातलं पीक मोबाईलवर नोंदवण्याचंही तसंच. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून फोटो टाकायचा, असं आलं. पुढे सहायक नेमले, शेतकऱ्याला जमलं नाही तर ते येऊन नोंद करतात. ही माघार नव्हे. हाच नियम पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

अंगठ्याचं तर विचारूच नका. द्राक्षाच्या हंगामात मजूर बायका येतात. दिवसभर घड औषधात बुडवून, कात्रीनं मणी विरळून त्यांची बोटं अशी गुळगुळीत झालेली असतात की यंत्राला रेषाच सापडत नाहीत. मी ओल्या फडक्यानं बोट पुसते, कोरडं करते, उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. पडदा म्हणतो, जुळत नाही. एक बाई मला म्हणाली, “ताई, मीच हाय ना पण.” जिच्या कष्टामुळे तिचे ठसे गेले, तिला ती स्वतः आहे हे सिद्ध करायला लागावं, यात चूक तिची नाही. आता काही ठिकाणी चेहऱ्यावरून ओळख चालते, ते चांगलंच झालं. पण ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना पापणी लवत नाही म्हणून केवायसी नाकारली गेली, आणि त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 30 एप्रिल 2025 च्या त्या निकालात न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि केवायसीत सगळ्यांना वापरता येतील असे पर्याय ठेवायला सांगितलं. कुठल्याही कार्यालयात “ऑनलाइनच करा, इथं होत नाही” असं सांगितलं तर हा निकाल आठवा आणि शांतपणे लेखी उत्तर मागा.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलतेय असं कुणाला वाटू नये. डिजिटल सहीचा सातबारा 2018 मध्ये आला. त्याआधी एका उताऱ्यासाठी माणसाचा दिवस मोडायचा, भाडं जायचं आणि साहेब जागेवर नसले की दुसरा दिवसही. आता 15 रुपये भरले की पाच मिनिटांत कागद हातात. विधवा बाईला स्वतःच्या नावावर किती जमीन आहे हे दिराला न विचारता कळतं. मी तो कागद छापून देते तेव्हा बायका तो दोन्ही हातांनी घेतात. हे मिळालंय ते जाऊ नये, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांना मिळावं, एवढ्याचसाठी हा सगळा आटापिटा.

नाशिकला हे जमायला हरकत नाही. ज्यांना कॉलेजात येता येत नाही त्यांच्यापर्यंत शिक्षण न्यायचं म्हणून 1989 मध्ये मुक्त विद्यापीठ निघालं, ते याच गावात आहे. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन तास एक टेबल असावं, तिथं कुणीही फोन घेऊन जावं आणि “हे काय आलंय?” असं विचारावं. विचारायला पैसे पडू नयेत आणि कुणी हसू नये. 2027 चा सिंहस्थ येतोय, खोल्यांच्या खोट्या बुकिंगच्या आणि खोट्या पासच्या लिंका फिरतीलच. तेव्हा हे टेबल आपल्याला लागेल.

बाबांसाठी सिडकोतच आसपास ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. प्रेसमधले जुने सोबती भेटले तर उत्तम. फोनची भाषा मराठी करायची का, हे त्यांनाच ठरवू द्या. काहींना “रद्द करा”पेक्षा “कॅन्सल” लवकर कळतं. ॲपच्या पायऱ्या तुम्ही लिहून देऊ नका, त्यांच्याच वहीत त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. बटण बदललं की ती ओळ खोडून नवी लिहायची. म्हणजे आपण विसरलो नाही, ते बदललंय, हे त्यांना स्वतःच्याच वहीत दिसेल. 1930 हा नंबर वहीच्या मुखपृष्ठावर, मोठ्या आकड्यात.

आणि पुढच्या सुट्टीत घरी याल तेव्हा पहिल्या दिवशी एकच काम करा. त्यांच्या छोट्या खात्यातून त्यांना तुम्हाला 10 रुपये पाठवायला सांगा. फोन त्यांच्या हातात राहील, तुमचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. बोट हवेत थांबेल. थांबू द्या. तुम्हाला फार वेळ गेल्यासारखं वाटेल, तरी तोंड उघडू नका. चुकीच्या जागी गेले तर ते स्वतः मागे येतील, आलेच नाहीत तर “आधी काय दिसत होतं?” एवढंच विचारा. तुमच्या फोनवर पैसे आल्याचं वाजलं की त्यांना सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 10 रुपये मागा.